ब्राह्मी कुणी वाटायची

माझ्या डोक्याबद्दल लोक मला फार विचारतात. या वयातही फडताळातली कुठली डबी कुठं आहे, कुणाच्या लग्नात कोण रुसलं आणि तो रुसवा कशानं निघाला, हे मी न अडखळता सांगते. मग नातसुना हळूच जवळ येऊन बसतात आणि विचारतात, ‘आजी, तुम्ही ब्राह्मी खायचात का हो?’ त्यांना दुकानात बाटलीतल्या गोळ्या मिळतात, वर मेंदूचं चित्र असतं. मी सांगते, खाल्ली की, चांगली ओंजळीओंजळीनं खाल्ली, आणि खाता खाता कामातून गेले होते. त्या हसतात. म्हातारी थट्टा करतेय असं त्यांना वाटतं. मला राग येतो, कारण मी थट्टा करत नसते.

माझं माहेर इंदापूरचं, सासर लासुर्ण्याच्या शिवारातलं. एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. आमच्याकडं कालव्याचं पाणी होतं, ऊस होता, आणि पाणी नि ऊस असलेल्या घरात सून म्हणून जाणं म्हणजे काय, ते ज्या गेल्या त्यांनाच ठाऊक. घरात माणसं मोजकी. सासरे, त्यांना सगळा गाव आबा म्हणायचा. सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायची. माझे मालक, आणि मी.

आत्याबाई म्हणजे साधी असामी नव्हती. उंच, शिडशिडीत, आवाज असा की बांधावरून हाक मारली की पलीकडच्या शिवारातला गडीही वळून बघायचा. तिच्याकडं डोक्याची औषधं होती आणि त्यासाठी लांबलांबची माणसं यायची. परीक्षेला बसायचं असलं, कोर्टात साक्ष द्यायची असली, म्हाताऱ्याला चक्कर येत असली, पोराच्या ध्यानात पाढे राहत नसले, की लोक म्हणायचे, लासुर्ण्याच्या बाईकडं जावा. कालव्याच्या पाझरावर ब्राह्मी नुसती पसरलेली असायची. बांधावर माका, माळावर शंखपुष्पी. वेखंड आणि जटामांसी तेवढी ती बारामतीच्या काष्ठौषधीच्या दुकानातून आणायची, आणि दुकानदार जुना माल देतोय असं वाटलं तर त्याला चारचौघांत झापून यायची.

तिचं तेल मात्र खरंच नामी होतं, ते मी आजही कबूल करते. ब्राह्मीचा नि माक्याचा रस तिळाच्या तेलात घालून मंद विस्तवावर ठेवायचा. रस आहे तोवर तेल तडतडतं. तडतड थांबली की उतरवायचं, एक क्षण आधी नाही नि एक क्षण मागं नाही. ते टाळूवर चोळलं की डोळ्यांवर आपोआप झापड यायची.

पण पोटात घ्यायच्या ब्राह्मीचा तिचा एक नेम होता. ज्याचं डोकं बिघडलंय त्यानंच ती तोडायची आणि त्यानंच ती वाटायची. दुसऱ्यानं वाटलेली लागत नाही, म्हणायची. तोडायची तीही ऊन पडायच्या आत, पारोशा तोंडानं, वाटेत कुणाशी अवाक्षर न बोलता. हा नेम तिच्या सासूनं तिला घालून दिला होता आणि त्यात तिनं कधी तसूभर फरक केला नव्हता. बाहेरून येणारे लोक मान डोलवायचे नि आपापल्या गावी जाऊन काय हवं ते करायचे. मला तशी सोय नव्हती. मी तिच्या घरातच होते.

माझी पहिली मुलगी झाली आणि माझं डोकं फिरायला लागलं. फिरायला लागलं म्हणजे वेड नव्हे. नुसतं धुकं. गोठ्यात जायची आणि कशाला आले तेच आठवायचं नाही. भाजीत दोनदा मीठ, आमटीत एकदाही नाही. दूध चुलीवर ठेवून समोरच बसायची आणि ते उतू गेलेलं दिसायचं नाही. पोरगी रात्रभर रडायची. मालक पाण्याची पाळी असली की उसाला दारं धरायला जायचे, तेव्हा तिला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारायला मी एकटी. जरा डोळा लागतोय तोवर जात्यावर बसायची वेळ. मग शेण, पाणी, भाकरी, खुरपणी. हे सगळ्याच बायकांचं होतं, मी काही जगावेगळी नव्हते. म्हणूनच तर कुणाला त्यात काही खुपलं नाही.

आत्याबाईला मात्र माझं डोकं खुपलं. जिच्या दारी पार डाळज गावापासून माणसं येतात, तिच्याच सुनेला मीठ घातलं का नाही ते आठवू नये म्हणजे काय? तिची तर इभ्रतच गेली. ती म्हणाली, ‘तुला आता ब्राह्मी चालू करायची. उद्यापासनं जात्याच्या आधी पाझरावर जायचं.’

म्हणजे जी काय घटकाभर झोप मिळत होती, तीही गेली. मी अंधारात उठायची, मुक्यानं कालव्यावर जायची, चिखलात बसून एकेक कांडी खुडायची, घरी येऊन धुवायची, पाट्यावर वाटायची, कडूजहर गोळा गिळायची आणि मग जात्यावर बसायची. दळता दळता पेंगायची. आत्याबाई माझ्याकडं बघून आबांना म्हणायची, ‘गुण न्हाय अजून. जरा जास्त वाटाया सांगते.’ जास्त वाटायची म्हणजे जास्त तोडायची, म्हणजे आणखी लवकर उठायचं. आज आठवलं तरी माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

आणि मग ते झालं. मुलगी सातआठ महिन्यांची असेल. उसातलं गवत काढायला गेले होते. बांधावरच्या कडुलिंबाला झोळी बांधून तिला तीत निजवली. दुपारी गवताचा भारा डोक्यावर घेतला आणि सरळ घरी आले. भारा गोठ्यात टाकला, पाणी प्याले, उंबऱ्यावर टेकले. आत्याबाईनं विचारलं, ‘लेकरू कुठं हाय?’ मी तिच्याकडं बघत राहिले. मला खरोखर दोन क्षण कळलं नाही ती कुठल्या लेकराबद्दल विचारतेय.

ती धावली. मी तिच्या मागं धावले. पोरगी झोळीत पाय उडवत पानं बघत होती, तिला काही झालं नव्हतं. आत्याबाईनं तिला उचललं, पदरात घेतलं आणि मला हात लावू दिला नाही. घरी आल्यावर आबा नि माझे मालक यांच्यासमोर म्हणाली, ‘आजपासनं ही माझ्यापाशी. दिवसा पाजायला मागून घे, पाजलं की परत दे. रातचं मी बोंडल्यानं गाईचं दूध पाजीन. तुझं डोकं ताळ्यावर येईस्तवर तू तिला घिऊन कुठं जायचं न्हाय.’ आबा एरवी फार न बोलणारे. ते सुपारी कातरत म्हणाले, ‘दिवाळीला माहेरी जाईल तवा तिला एकटीलाच जाऊ द्या. सुधारली तर आणू.’ मालकांनी खाली बघितलं. मला त्यांचा इतका संताप आला की रडूही आलं नाही.

सुधारली तर आणू. म्हणजे नाही सुधारली तर मी इंदापुरात आणि माझी लेक लासुर्ण्यात. दिवाळी काही फार लांब नव्हती. मला दुसरं काही सुचेना, मला माझी लेक हवी होती.

आता गंमत बघा. लेक रात्री आत्याबाईकडं गेली. मी रोज सांजच्याला तिचं तेल टाळूवर चोळायची, कारण तेही औषधातच होतं, आणि अंथरुणाला पाठ टेकली की मेल्यासारखी झोपायची. पहाटे ब्राह्मीला उठावं लागायचं ते लागायचंच, पण त्याच्या आधीची सगळी रात्र माझी होती. पंधरवडा गेला असेल नसेल, एके दिवशी मी गोठ्यात गेले आणि कशाला आले ते मला ठाऊक होतं. दावं आणायला आले होते. दावं घेतलं, बाहेर आले आणि तिथंच उभी राहिले. धुकं गेलं होतं. उसाचं प्रत्येक पान मला वेगळं दिसत होतं. आनंद झाला म्हणणं कमीच, मला वाटलं मी परत आले.

घरातल्यांच्याही ते ध्यानात आलं. आत्याबाईच्या अंगावर तर मूठभर मांस चढलं. कुणी औषधाला आलं की मला हाक मारायची आणि त्यांच्यासमोर विचारायची, ‘परवा कोण कोण आलं हुतं गं? कुणाला काय दिलं?’ मी घडाघडा सांगायची. ती म्हणायची, ‘बघा. लेकरू इसरून आली हुती बांधावर. ही माझी ब्राह्मी.’ लोक तोंडात बोट घालायचे. मी मनात म्हणायची, तुमची ब्राह्मी तर मी धुक्यातही खात होते. तेव्हा कुठं गेला होता तिचा गुण? पण तोंड उघडण्यात अर्थ नव्हता. मी एवढंच विचारलं, ‘आत्याबाई, आता दिऊन टाका की माझं लेकरू.’

‘गुण टिकतो का बघू,’ ती म्हणाली. ‘दिवाळी होऊ दे.’

मला तिच्या डोक्यात तांब्या घालावासा वाटला. घातला नाही. पण त्या दिवसापासून मी तिच्याकडं नीट बघायला लागले, आणि जे दिसलं ते बघून माझा मलाच विश्वास बसेना. आत्याबाईचे डोळे आत गेले होते. भाजीत दोनदा मीठ पडायला लागलं होतं, आणि लेकराबरोबर चूलही तिनं आपल्याकडं घेतली होती, तेव्हा माझ्यावर ढकलायची सोय नव्हती. ती फडताळासमोर जाऊन उभी राहायची आणि नुसती उभीच असायची. एकदा तेल विस्तवावर ठेवलं आणि तडतड केव्हा थांबली ते तिला कळलंच नाही. जळका वास घरभर सुटला. जन्मात पहिल्यांदा तिचं तेल जळलं. तिनं कढई उचलली आणि परसात नेऊन ओतली.

पोरगी रात्री रडतच होती ना. मी रडणं ऐकायची नाही एवढंच. ते आता तिच्या कानाशी होतं.

त्यात डाळजचा एक शेतकरी आला. बांधाच्या तंट्यात त्याला बारामतीच्या कोर्टात साक्ष द्यायची होती, आणि वकील उलटसुलट विचारील तेव्हा डोकं जागेवर राहावं म्हणून त्याला औषध हवं होतं. आत्याबाईनं पुडी बांधून दिली, सकाळी कोमट पाण्यातून घ्यायला सांगितली. शंखपुष्पीची म्हणून जी पुडी दिली, ती निघाली बैलाचं पोट फुगलं की द्यायची पुडी. गडी साक्षीला उभा राहिला, शपथ घेतली, आणि वकिलानं पहिला प्रश्न विचारायच्या आत त्याला बाहेर पळता भुई थोडी झाली. आठवड्यानं तो घरी आला. भांडला नाही बिचारा. ओसरीवर बसला आणि म्हणाला, ‘मावशी, डोक्याचं औषध इतकं खाली उतरतं का?’

आबा हसू दाबायला गोठ्याकडं गेले. मी पदर तोंडात कोंबला. आत्याबाई मात्र हसली नाही. तिनं त्याची माफी मागितली, दुसरी पुडी दिली, ती देताना तीनदा हुंगून बघितली, आणि तो गेल्यावर भिंतीला टेकून बसली. मला तिची कीव आली, आणि कीव आली म्हणून स्वतःचाच राग आला.

दुसऱ्या दिवशी मी पहाटे पाझरावर निघाले तर दार आधीच उघडं होतं. ब्राह्मी आणून आत्याबाई पाट्याशी बसली होती. मांडीवर माझी लेक झोपलेली, कारण खाली ठेवली की किंचाळायची. ज्याचं डोकं बिघडलं त्यानंच वाटायची, हा नेम तिनं स्वतःलाही लावला होता. मी दारातून बघत होते. वरवंटा दोनदा पुढं गेला, मागं आला, आणि थांबला. तिची मान खाली पडली. मांडी सैल झाली आणि पोरगी पाट्याच्या कडेकडं घसरायला लागली. मी झडप घालून तिला उचललं.

आत्याबाई दचकून जागी झाली. पहिल्यांदा तिनं हात पुढं केले. ‘आण हिकडं.’

‘न्हाय देणार,’ मी म्हणाले.

असं मी त्या घरात कधी बोलले नव्हते. आता जीभ थांबेना. ‘आत्याबाई, तुमच्या औषधाला मी नाव ठिवत न्हाय. तेल तर सोन्यासारखं हाय. पण मला बरं केलं ते झोपेनं. लेकरू तुमच्याकडं आलं आन् माझी झोप माझ्याकडं आली. जे मला झालं हुतं तेच आता तुमाला झालंय. ही ब्राह्मी पहाटे उठून तुमी कितीबी वाटा. वाटण्यातच सगळी झोप जाती, मग ती गुण काय देणार?’

मला वाटलं ती आता वरवंटाच उचलते. आबाही आवाज ऐकून उठून आले होते. ती पाट्यावरच्या हिरव्या गोळ्याकडं बघत राहिली. मग अगदी हळू आवाजात, जो मी तिचा कधी ऐकला नव्हता, म्हणाली, ‘माझ्या सासूनं मला चारी बाळंतपणात वाटाया लावली. चारी बाळंतपणात. मी आपली वाटत बसायची. मला वाटायचं, माझंच डोकं कमी हाय.’

आबा दाराशी तसेच उभे राहिले. त्यांनीही हे कधी ऐकलं नसावं.

माझा सगळा राग कुठल्या कुठं गेला. तिनं आयुष्यभर लोकांची डोकी ताळ्यावर आणायची औषधं का शोधली, ते मला त्या वेळी कळलं. मी मुलीला काखेला मारलं, एका हातानं आत्याबाईला धरून उठवलं आणि माझ्या अंथरुणावर नेऊन निजवलं. टाळूवर तेल घातलं. ती म्हणत होती, दळण राहिलंय, चूल राहिलीय, आबांचा चहा. मी म्हटलं, ‘हे तेल घातल्यावर आपणहून जाग येईस्तवर उठायचं न्हाय. पथ्य हाय.’ पथ्य म्हटल्यावर ती गप्प झाली. पथ्य मोडणं तिच्या रक्तातच नव्हतं.

ती झोपली ती झोपलीच. ऊन अंगणात आलं, ओसरीवर चढलं. मालक दोनदा डोकावून गेले, त्यांना वाटलं आईला काही झालं. आबांनी स्वतः चूल पेटवून चहा केला, गुळमट नि काळाकुट्ट, आणि कुणी आवाज केला की त्याच्यावर डोळे वटारले. दुपार कलती झाली तेव्हा ती उठली. बराच वेळ आढ्याकडं बघत बसली. मग विचारलं, ‘लेकरू कुठं हाय?’

‘माझ्याकडं,’ मी म्हटलं.

‘असू दे,’ ती म्हणाली.

तिनं औषध देणं सोडलं नाही, सोडावं असं मलाही वाटत नव्हतं. फक्त नेम बदलला. मी नि ती एक रात्र आड पोरीला घ्यायचो. कुणाची लेकुरवाळी सून धुक्यात हरवली म्हणून तिची सासू तक्रार घेऊन आली, की आत्याबाई आधी त्या सासूलाच विचारायची, ‘रातचं लेकरू कुणाकडं असतं?’ ‘आईकडंच की, अजून कुणाकडं?’ असं उत्तर आलं, की ब्राह्मीची जुडी त्या सासूच्या हातात द्यायची. ‘मग ही तुमी तोडायची, तुमी वाटायची. सुनेनं नुसती गिळायची आन् झोपायचं. जाग आल्याबिगर उठवली तर औषध उलटतं.’ बायका निमूट ऐकायच्या. औषध उलटायची भीती सगळ्यांनाच असते.

दिवाळीला मी माहेरी निघाले. आबांनी काही विचारलं नाही. मुलगी माझ्या काखेला होती आणि आत्याबाई आपणहून माझ्याबरोबर यष्टीत चढली. इंदापूरला उतरून आम्ही घरी गेलो. माझ्या आईला कुणीतरी सगळं आधीच सांगितलं होतं. सून नांदत नाही म्हणून सासू पोचवायला आली, अशाच समजुतीनं ती दारात पांढरीफटक पडून उभी होती. आत्याबाईनं पायरीवरच तिला थांबवलं आणि त्या तिच्या खणखणीत आवाजात, शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, ‘हिला पहाटे उठवायचं न्हाय. दळायला, पाण्याला, कशालाबी न्हाय. लेकरू रातचं तुमी घ्यायचं. माझ्या सुनेचं डोकं लाखाचं हाय, ते मला हाय तसं परत पायजेल.’

आई पदर डोळ्यांना लावून रडायला लागली. तिला कुणी असं कधी म्हटलं नव्हतं, हे मला तिच्या रडण्यावरूनच कळलं. मी मुलगी तिच्या हातात दिली, आत गेले, आणि उन्हं डोक्यावर असताना, घरात फराळाचं सगळं पडलेलं असताना, खुशाल झोपले.